कासवाच्या पाठीवरचं नाव

हे मी कोणाले सांगितलं नाही. बायकोले नाही. आईचा जीव जाऊन राहिला होता तेव्हा तिच्या उशाशी तीन दिवस बसलो, तिलेही नाही. देवाले तर नाहीच — त्याले सगळं माहीत असते म्हणतात, मग त्याले वरतून कायले सांगायचं? तुले सांगून राहिलो. काहून, ते विचारू नको. अन् मधात 'जाऊ द्या भाऊ, झालं गेलं' असंही म्हणू नको. असं म्हणणारे लोक माझ्या डोक्यात जातात. त्यायचं स्वतःचं काही गेलेलं नसते.

मी तापट माणूस आहे, हे गावात कोणीही सांगन. लाखनीच्या अलीकडे, मोठ्या रोडाले लागून आमच्या धानाच्या बांध्या आहेत. बाप लवकर गेला, सगळं माझ्या अंगावर आलं, अन् तेव्हापासून मी ओरडूनच बोलतो. ओरडणारा माणूस मनाचा साफ असते, असं म्हणतात ना? खोटं आहे ते. मी ओरडतोही अन् मनाचा साफही नाही. बारा वर्षं झाली, ओरडून ओरडून मी एकच गोष्ट झाकून राहिलो.

कुठून सुरू करू — कासवापासून करतो.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षी मी रोडाजवळच्या बांधीत विहीर खोदली. तीस हातावर पाणी लागलं, गोड. आता आमच्याकडची रीत अशी, की नव्या विहिरीत कासव सोडायचं. कासव किडे खाते, पाणी साफ ठेवते, अन् ते आहे तोपर्यंत झरा आटत नाही. झऱ्याचं खरं की खोटं, मले माहीत नाही. माझ्या आईले माहीत होतं, तेवढं पुरे होतं. पण कासव आणायचं कोणी? तलावातली कोणतीही गोष्ट जिती पाहिजे असली की आमच्या गावात ढिवरपुऱ्यात जावं लागते, मासोळ्या धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत, अन् ढिवरपुऱ्यात गेलं की सुकरूकडे.

सुकरू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. चौथीपर्यंत एकाच शाळेत होतो. बुटका, छातीनं रुंद, अन् बोलणं इतकं कमी की समोरच्याले वाटावं, आपणच जास्त बोललो. त्यानं मोठ्या तलावातून काळं, टणक पाठीचं कासव आणलं, ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून. आईनं हळदकुंकू वाहिलं. अन् मले काय सुचलं — बंडीच्या चाकाले लावून उरलेला लाल ऑइलपेंट होता, तो घेतला अन् कासवाच्या पाठीवर माझं नाव लिहिलं. मनोहर. चार अक्षरं, ठळक, धानाच्या पोत्यावर लिहितो तशी. सुकरू हसला. म्हणाला, "आता मालक कोण ते कासवालेही समजलं जी." मले ते आवडलं नाही. पण रंग वाळेपर्यंत त्यानंच ते सावलीत धरून ठेवलं, मग मी टोपल्यात ठेवून दोरानं खाली सोडलं.

मी सोडलं. माझ्या हातानं. तेवढं लक्षात ठेव, पुढे कामात येईन.

दोनेक वर्षांनी कलकत्त्याचे एक बाबू आले. मासोळीचे व्यापारी, पण खायच्या मासोळीचे नाही. आमच्या तलावात बोटाएवढी एक मासोळी असते, काचेसारखी, आतला काटा न् काटा बाहेरून दिसते. आम्ही तिले कधी मासोळीत धरलंच नाही. जाळ्यात आली तर वाळवायची अन् कोंबड्यायले टाकायची. बाबू म्हणाले, परदेशात लोक हिले काचेच्या पेटीत ठेवतात, नुसती पाहायसाठी. विमानानं जाते. आम्ही हसलो. बाबू हसले नाहीत. त्यायले अशी जागा पाहिजे होती जिथून ट्रकानं रेल्वे स्टेशन जवळ पडन. आमच्या तलावांतली मासोळी, बालाघाट-रायपूरकडून डब्यात येणारी मासोळी, सगळी तिथे उतरवायची. आठ दिवस टाकीत आराम द्यायचा. मेली, आजारी निवडून काढायची. अन् मग नव्या प्लास्टिकच्या थैल्यात थोडं पाणी, बाकी ऑक्सिजन भरून, तोंड बांधून, पेटीत तनसीवर, धानाच्या वाळल्या काडीवर, बसवून कलकत्त्याले पाठवायची. तिथून पुढे समुद्रापार.

जागा माझी, विहीर माझी. मी शेड उभं केलं, सिमेंटच्या टाक्या बांधल्या. पण मासोळीतलं मले काय समजत होतं? कपाळ. समजत होतं सुकरूले. भरायच्या आधी दोन दिवस मासोळी उपाशी ठेवायची असते, हे बाबू त्याले सांगणार तर त्यानं आधीच ठेवलेली. "भरल्या पोटाची लांब जात नाही जी, पाणी घाण करते." झालं, एवढंच बोलला. थैली फुगवली की तो बोटानं टिचकी मारायचा अन् आवाजावरून सांगायचा, हवा बरोबर की कमी. बाबू खाली मांडी घालून त्या टिचक्या ऐकत बसायचे. मी चहा घेऊन उभा राहायचो, तो तसाच थंडा व्हायचा.

बाबूचं पत्र यायचं. वरती नाव माझं. खाली दर वेळी एक ओळ — 'सुकरूजींना विचारून करावे.' सुकरूजी. माझ्या शेडात, माझ्या विहिरीच्या पाण्यावर, अन् विचारायचं ढिवराले. जळलो मी. सरळ सांगतो, आडून कायले सांगू? त्या माणसानं माझं काही वाईट केलं नव्हतं. कोणी वाईट केलं तर त्याच्याशी भांडता येते. चांगलं करणाऱ्याशी कसं भांडायचं? मी रोज काही ना काही शोधायचो. जाळं इथे काहून ठेवलं, पाणी तिथे काहून सांडलं. तो जाळं उचलायचा, पाणी पुसायचा. त्यानं माझा आणखी जीव जळायचा.

आता परदेशात जिता जीव पाठवायचा म्हणजे सरकारची मंजुरी लागते — मासोळीले वेगळी, जागेले वेगळी. हे शेड, ह्या टाक्या, हे पाणी, इथे जीव उतरवून पुन्हा भरायले लायक आहे, असा शिक्क्याचा कागद. तो नसला की कलकत्त्याच्या पुढे पेटी सरकत नाही. फॉर्म आला. त्यात मालकाचं एक नाव अन् दुसरं 'देखरेख करणारी जाणकार व्यक्ती'. ते कोणाचं लिहायचं, बाबूनं कळवून ठेवलं होतं. दातओठ खात लिहिलं.

अन् त्या कागदावर ढिवरपुऱ्यातली अकरा घरं टांगलेली होती, हेही समजून घे. दिवाळी झाली की ढिवरपुरा विटाभट्टीवर जातो, बायका-लेकरांसकट, तो पावसाच्या तोंडावर वापस येतो. मंजुरी आली असती तर बारमाही काम होतं, घरी राहून. सुकरूनं घरोघरी जाऊन सांगितलं होतं, यंदा भट्टीवर कोणी जाऊ नका, माझ्या शब्दावर थांबा. लोक थांबले. माझ्या शब्दावर थांबले असते काय? विचारूच नको.

फॉर्मासोबत अटींचा कागद होता. दारात लाल दवाईच्या पाण्याचं तसराळं ठेवा, पाय बुडवून आत या. बाहेरून आलेल्या मासोळीची टाकी वेगळी, तिचं जाळं वेगळं. अन् एक अट अशी, की पाणी विहिरीचं पाहिजे अन् त्या विहिरीत बाहेरचा कोणताही पाण्यातला जीव नको. तलावातला जीव विहिरीत असला की तलावाचा रोग त्या पाण्यातून टाकीत येते, असं त्यायचं म्हणणं.

मी वाचून दाखवलं. सुकरूनं ती अट पुन्हा वाचायले लावली. मग म्हणाला, "कासव काढा लागन जी."

आता तू सांग, मी काय म्हणायले पाहिजे होतं? हो म्हणायचं होतं. तो म्हणत होता मीच उतरतो, घटकाभराचं काम आहे, मोठ्या तलावात नेऊन सोडतो, काम झाल्यावर पाहू. पण मी काय म्हटलं ते ऐक. मी म्हटलं, ढिवराच्या सांगण्यावरून मी माझ्या विहिरीतलं कासव काढत नाही. झरा आटला तर तुझा बाप पाणी आणून देईन काय? चार मजुरांसमोर म्हटलं. दोन दिवसांनी मी एकटा आहे असं पाहून पुन्हा आला अन् हात जोडून तेच म्हणाला. मी त्याले शेडाबाहेर काढलं. अन् त्याच संतापात बसून फॉर्मावर त्या अटीसमोर लिहिलं — विहिरीत कोणताही जीव नाही. खाली सही ठोकली.

आईची श्रद्धा होती म्हणून? छे. आईले मी समजावू शकलो असतो, ती माझ्यापेक्षा समजदार होती. कासवावर जीव होता काय माझा? तेही नाही. सुकरू बरोबर होता, एवढंच कारण. तो बरोबर आहे म्हणून मले ते करायचं नव्हतं. असा माणूस पाहिला तू कधी? पाहून घे.

आणीबाणीचे दिवस होते. साहेब लोक सांगितल्या वेळेच्या आधी यायचे. नागपूरहून जे साहेब आले ते वयस्कर, सडपातळ, हातात दोरीनं बांधलेली फाईल. दारातलं तसराळं पाहून त्यायनं बूट काढले, मोजे काढले, पँट वर केली अन् लाल पाण्यात पाय बुडवून आत आले. आपला नियम आपणच पाळणारा साहेब मी पहिल्यांदा पाहिला. आत दोन तास होते. टाक्या पाहिल्या, जाळ्या पाहिल्या, थैल्या भरायले लावल्या. सुकरूनं टिचक्या मारल्या. साहेब त्याले विचारत होते, तो सांगत होता, साहेब लिहून घेत होते. मले एक सवाल नाही. शेडाबाहेर ती अकरा घरं उभी होती, धुतलेले कपडे घालून, बायकायच्या डोक्याले तेल.

मग साहेब विहिरीवर आले.

माझी आई रोज दुपारी विहिरीत भाताची शितं टाकायची. त्यामुळे त्या कासवाले सवय झाली होती — काठावर माणसाची सावली पडली की ते वरती यायचं. मले हे माहीत नव्हतं काय? माहीत होतं. साहेबानं वाकून पाहिलं. खालचं पाणी हाललं. अन् ते आलं, मान लांब करून, वरती पाहत.

साहेबानं फाईलीची दोरी सोडली. माझं लिहिलेलं काढलं, वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं अन् विचारलं, "हे काय आहे?"

किती वेळ गेला असन? एक श्वास घ्यायले लागते तेवढा. अन् मी बोट केलं. सुकरूकडे. म्हटलं, यानं टाकलं साहेब. याच्या मनात खोट आहे. माझं काम बिघडवायसाठी मुद्दाम टाकलं, मले तर माहीतही नव्हतं.

घे. बोललो. हेच ते.

घाबरून तोंडातून निघालं, असं म्हणू काय? नाही म्हणत. त्या एका श्वासात मी सगळा विचार केला होता. खोटं लिहून सही केली आहे, दिवस असे आहेत, आत टाकतीन — हा एक. ढिवर आहे, याच्या बोलण्याले कोण विचारते — हा दुसरा. अन् सगळ्यात खाली, गाळात, तिसरा. बरं झालं. बरं झालं, आता बाबूच्या पत्रात ती ओळ राहणार नाही. तो गाळ खाली होता, पण माझाच होता.

साहेब सुकरूकडे वळले. "तुम्ही टाकलं?"

सुकरूनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं शेडाकडे पाहिलं, जिथे ते सगळे उभे होते. मग म्हणाला, "हो जी."

तेव्हा मले वाटलं, भ्याला. खरंच वाटलं. माझ्यासारख्याले दुसरं काय वाटणार?

साहेब म्हणाले, आधी तो जीव बाहेर काढा. अन् मी — हेही मीच — मी ओरडून म्हटलं, ज्यानं टाकलं तोच उतरन. सुकरू दोराले धरून उतरला. वरतून मले त्याचं डोकं दिसत होतं, अन् पाण्याचा आवाज. त्यानं कासव धरलं, दुपट्ट्यानं छातीशी बांधलं अन् कपारीत पाय देत वर आला. साहेबाले दाखवलं तेव्हा कासवाचं पोट बाहेर होतं अन् पाठ त्याच्या छातीले चिकटलेली. चारही पाय हवेत हालत होते. साहेबानं पाहिलं, लिहिलं. म्हणाले, विहीर उपसा, दवाई टाका, आठ दिवस पाणी वापरू नका. अन् फॉर्मावर याच्या जागी दुसऱ्याचं नाव लिहा; हा माणूस या शेडात दिसता कामा नये, जिथून मासोळी येते त्या तलावांवरही नाही. तसं लिहून द्या, मग मंजुरी येईल. मी लिहून दिलं. खाली सुकरूची सही घेतली. चौथीतली सही, वाकडी.

मंजुरी आली. शिक्क्याची, दोन सह्यांची. मी ती काचेत लावली.

त्या लिहून दिल्याची एक नक्कल मासेमारांच्या सोसायटीत गेली. तिथे सुकरूचं नाव काढून टाकलं. कोणी काढलं? त्याच अकरा घरांनी. म्हणाले, आमच्या पोटावर उठला होता हा, शेठ होते म्हणून वाचलो. शेठ म्हणजे मी. माझ्या पाया पडले काही जण. मी पडू दिलं. गावातल्या एकाही तलावात जाळं टाकायची त्याले सोय राहिली नाही. बायका पाण्यावर त्याच्या बायकोशी बोलेनाशा झाल्या.

ती एक दिवस आली. पार्बता, सुकरूची बायको. आमच्या घरामागच्या सांदवाडीत, गोठ्यापाशी उभी राहिली, घरात ये म्हटलं तर आली नाही. तिले सगळं माहीत होतं, डोळ्यांवरून समजत होतं. पण तिनं मले खोटा म्हटलं नाही. एकच म्हणाली, "भाऊ, साहेबाले नका सांगू काही. तुमी फक्त सोसायटीत एक शब्द टाका, का गडी वाईट नाही म्हणून." एक शब्द. कागद तसाच राहिला असता, मंजुरी राहिली असती, माझं नाक राहिलं असतं. अन् मी म्हटलं, "कागद वरती गेला, आता माझ्या हातात काही नाही." तिनं आमच्या गोऱ्ह्याच्या पाठीवरून हात फिरवला अन् गेली. साहेबासमोर मी भ्यालो होतो, असं एखाद वेळ कोणी म्हणन. पार्बतासमोर मी कोणाले भ्यालो होतो?

त्या वर्षी ढिवरपुऱ्यातून विटाभट्टीवर एकच घर गेलं. सुकरूचं.

आता मी मधात एक गोष्ट गाळली. तुझ्या लक्षात आली असन तर तू हुशार आहेस. विहिरीपाशी सही झाली, साहेब हात धुवायले गेले, तेव्हा काठावर आम्ही दोघंच होतो. सुकरूनं दुपट्टा सोडला अन् कासव माझ्या हातात दिलं, पाठ वरती करून. शेवाळ होतं, रंग जागोजागी उडाला होता. पण विहिरीतून वर येताना त्याच्या छातीले घासून शेवाळ निघालं होतं. अन् लाल अक्षरं दिसत होती. चारही. मनोहर.

नाव तिथे आहे हे त्याले आधीपासूनच माहीत होतं. वर येऊन नुसतं फिरवलं असतं, काही बोलायची गरज नव्हती, साहेबाले वाचता येत होतं. मग माझं सगळं गेलं असतं. मंजुरी गेली असती, अन् तिच्यासोबत अकरा घरं परत भट्टीवर गेली असती. म्हणून त्यानं ते छातीले चिकटवून आणलं. माझ्यासाठी नाही, बाप्पा, तेवढा मी मूर्ख नाही. पण झाकलं माझंच नाव. त्याच्या छातीवर लाल ओरखडे उठले होते, अन् तो मले एवढंच म्हणाला —

"भाऊ, नाव पुसून टाका."

रागानं नाही म्हणाला. जाळं इथे ठेवू का, असं विचारायचा तसं म्हणाला.

अन् मी पुसलं. साहेबाची जीप गेल्या गेल्या शेडामागे बसलो, विळा घेतला अन् खरडायले लागलो. कासवानं मान आत घेतली, पाय आत घेतले. ऑइलपेंट चांगल्या कंपनीचा होता. म निघाला, ह निघाला, र निघाला. नो निघेना. मी विळ्याचं टोक लावलं. रंगाखालची पाठ निघाली, थोडं रक्त आलं, तरी मी थांबलो नाही. मग तशाच त्या कासवाले मी मोठ्या तलावात फेकून आलो. आईनं विचारलं तर सांगितलं, साहेब घेऊन गेले. ती मरेपर्यंत विहिरीत डोकावून पाहायची, झरा आटला काय म्हणून. झरा नाही आटला. आटायले पाहिजे होता.

धंदा तीन वर्षं चालला. बाबू एकदा स्वतः आले, म्हणाले मासोळी वाटेत मरून राहिली, सुकरूजी कुठे आहेत? मी म्हटलं, त्याले दुसरीकडे चांगलं काम मिळालं. बाबूनं शेडात फिरून एका थैलीले टिचकी मारली, ऐकली, अन् गेले. नंतर पत्र आलं नाही. अकरा घरं पुन्हा भट्टीवर जातात. शेडात आता मी धानाची पोती ठेवतो.

सुकरू जिता आहे. तू विचार करत असशीन, मेला म्हणून हा आता सांगून राहिला. नाही. पवनीकडे, वैनगंगेच्या काठी पार्बताचं माहेर आहे, तिथे तो डोंगा चालवते म्हणतात. गोसीखुर्दच्या धरणाचे दगड तिथेही रोवले आहेत, तेही गाव उठणार म्हणतात. एस.टी.नं तीन तास. सोयऱ्याच्या लग्नाले मी दोनदा पवनीले गेलो. स्टँडावर उभं राहून त्या गावाची वाट कोणती ते विचारलं. दोन्ही वेळा माणसानं नीट सांगितलं, अन् दोन्ही वेळा मी भंडाऱ्याच्या गाडीत बसलो.

या उन्हाळ्यात मोठ्या तलावाची पार, मातीचा बांध, दुरुस्त करायची होती, म्हणून पाणी सोडलं. गाळात कासवं सापडली, ढिवर ती उचलून बाजूच्या बोडीत, लहान तळ्यात, नेऊन टाकत होते. मी पारीवर छत्री घेऊन उभा होतो, सगळं गाव होतं. एका गड्यानं एक काळं कासव उचललं, पाण्यानं धुतलं अन् थांबला. त्या अकरा घरांतलाच तो. पाठीवर मधोमध पांढरट, खरडलेला पट्टा, अन् एका जागी खोल खड्डा, वाकडा भरून आलेला. त्यानं ते वर करून मले दाखवलं. म्हणाला, "शेठजी, याच्या पाठीले काय झालं असन जी?"

रंगाचा ठिपका नव्हता. काहीच उरलं नव्हतं, मी चांगलं पुसलं होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, मी गावातला शहाणा माणूस म्हणून.

मी म्हटलं, "दगडाले घासलं असन." ओरडलो नाही. हळूच म्हटलं.

तो "हो जी" म्हणाला, कासव छातीशी धरलं अन् बोडीकडे घेऊन गेला.